नवा रकाना

शिक्का मोतालेबने कापून दिला.
सायकलच्या जुन्या टायरचं रबर, न्हाव्याकडून मागून आणलेला वस्तरा.
अक्षरं उलटी कोरायची हे त्याला ठाऊक होतं,
देशाचं नाव मात्र पहिल्यांदाच कोरत होता,
शेवटचं अक्षर जरा खाली घसरलं.
म्हटलं, राहू दे,
ढाक्याहून खरा शिक्का येईपर्यंत चालेल.
अजून चालतोय.

तिकिटं जुनीच, राजाचा चेहरा जुनाच.
त्याच्या गालावर, कधी मुकुटावर, घाईत असलो तर नाकावर
मी नवा देश दाबतो,
दिवसाला तीन-चारशे वेळा.
जांभळी शाई नखांत शिरते.
रात्री भात कालवताना कडेची शितं जांभळी होतात,
सालेहा ताट मागे ओढते,
"आधी हात धुवा, मग सरकार चालवा."

देशाची घडी बसत आहे, असं परिपत्रक आलं.
चार घड्या घालून आलं होतं.
पाचवी मी घातली
आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं.
आता टेबल डुगडुगत नाही.

काशेम सकाळी पिशवी घेऊन जातो
आणि दुपारी अर्धी परत आणतो.
घोषपाड्यातली पत्रं.
"कुलूप आहे का?" मी विचारतो.
"दारच नाही, बाबू. चौकटसुद्धा नेली कुणीतरी."
आणि ज्यांना घर नाही त्यांचीही पत्रं येतात, बिहारमधून,
पत्त्यात फक्त: स्टेशनच्या पलीकडे, रुळावरून उतरलेला तिसरा डबा.
ती मात्र बरोबर पोचतात.

मनिऑर्डरचे फॉर्म बदलले.
दोन लिप्या, दोन्ही आमच्या नव्हेत.
कुलसुम बेवा फॉर्म उलटासुलटा करून बघते,
तिचा मुलगा खिदिरपूरच्या गोदीत,
तिथेच राहिला.
आमचा तागही तिकडच्याच गिरण्यांत जायचा,
यंदा नदीकाठी कुजतोय, वास इथवर येतो.
"यात माझं नाव कुठं लिहिलंय?"
मी बोट ठेवतो: इथे.
तिथे माझ्याच बोटाचा डाग आहे.
ती त्यावरच अंगठा उठवते.

तिजोरी आठ महिने बंद होती.
निशिकांत भौमिक गेले त्या रात्री
किल्ली त्यांच्या कमरेलाच राहिली.
मुद्दाम नाही. माणूस घाईत असला की
कमरेचं कमरेला राहतं.
मी तीनदा वर कळवलं. उत्तर आलं,
"सदर तिजोरी कोणाच्या वाट्यास आली ते कळवावे."

मग परवा, कृष्णनगरचा शिक्का असलेलं पाकीट.
आत किल्ली, सुताने पुठ्ठ्याला शिवलेली.
वर दीड आण्याचं तिकीट, जुन्या दराचं,
जणू मधे काहीच झालं नाही.
तीस वर्षं टपाल हाताळलेला माणूस,
दर चुकला.
की चुकवला, कोण जाणे.

नियम म्हणजे नियम. कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट दंड.
पाकीट माझ्याच नावाचं.
मी खिडकीच्या बाहेर जाऊन पैसे ठेवले,
आत येऊन मोजले,
रजिस्टरमध्ये पट्टी धरून एक नवा रकाना आखला,
डोक्यावर लिहिलं: परदेश.
रेघ वाकडी आली.

तिजोरीत होतं ते असं:
लाखेच्या सात कांड्या, सुतळीचा गुंडा,
हरवलं म्हणून मी नोंदवलेलं दोन तोळ्यांचं वजन,
एक अडकित्ता,
आणि त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, आपल्या भाषेत:
"भिंतीवरलं घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडतं.
उघडायच्या आधी पुढे करावं.
स्टुलाचा डावा पाय जपून."

म्हणजे आठ महिने आम्ही...
हिशेब करणार होतो.
पण खिडकीपाशी एक पोरगा केव्हाचा टाचा उंचावून उभा,
हातात पोस्टकार्ड,
"आजच्या टपालात जाईल ना?"
मी स्टूल ओढलं.
डावा पाय खरंच हलतो.